आगटे आणि मंडळी

विहिरीच्या काठावर आले की आगटेसाहेब आधी डोक्यावरची हॅट काढत. सणसरच्या लोकांना वाटायचं, साहेब विहिरीला मान देतात. एका म्हातारीनं तर आपल्या सुनेला बोट करून दाखवलं होतं, "बघ, सायब असून पान्याफुडं डोकं उघडं करतोय, आन तू घागर आपटतीस." खरी गोष्ट इतकीच होती, की साहेबांच्या दोन हॅटी आधीच दोन विहिरींत गेल्या होत्या आणि तिसरी पुण्याहून मागवावी लागली होती. हॅट काढून ते ती माझ्या डोक्यावर ठेवत. माझ्या डोक्यावर माझी काळी टोपी असे, तिच्यावर ही. मग ते फितीच्या टोकाला उपडं बांधलेलं एक पितळी फुलपात्र विहिरीत सोडत आणि डोळे मिटत. फुलपात्राचं तोंड पाण्याला लागून 'टप्प' असा आवाज आला, की फितीवर अंगठा दाबून म्हणत, "चौदा फूट साडेतीन इंच. लिही, मंडळी."

मंडळी म्हणजे मी. बारामतीत स्टेशनच्या रस्त्याला एका अडत दुकानाच्या माडीवर आमची पाटी होती, 'आगटे आणि मंडळी, सल्लागार इंजिनियर'. आगटे एक होते आणि मंडळीही एकच होती. मी निरवांगीच्या शेतकऱ्याचा मुलगा, पुण्याला जाऊन नकाशे काढायचं शिकून आलेला. साहेब पन्नाशीच्या पुढचे, एकटे. बायको लग्नानंतर चार वर्षांतच गेलेली, मूलबाळ नाही. आधीची नोकरी त्यांनी एका इंचाच्या भांडणावरून सोडली असं लोक सांगत. साहेब स्वतः सांगत, पाऊण इंच. रोज सकाळी ते कोट चढवून "चला, मंडळी" म्हणत आणि मी एकटा उठत असे.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या बारामतीला माहीत होता. "मोजलंय का?" कुणी म्हणालं, यंदा उन्हाळा फार आहे, तर "मोजलंय का?" लग्नात यजमान कौतुकानं म्हणाले, हजार पान उठलं, तर हात धुता धुता "मोजलंय का?" साताऱ्याच्या बहिणीनं कार्ड टाकलं, 'मला ताप येऊन गेला, आता बरी आहे.' साहेबांनी उलट टपाली विचारलं, 'किती होता?' त्यावर बहिणीनं तीन महिने पत्र पाठवलं नाही. साहेब रोज टपालाच्या वेळी जिन्यात जाऊन उभे राहायचे, पण माफी मागायची म्हणजे काय लिहायचं ते त्यांना सुचेना. शेवटी मीच एक कार्ड लिहून दिलं आणि त्यांनी सही केली.

अशा माणसाकडे सल्ला घ्यायला कोण येणार? तरी येत. इंदापूरच्या एका व्यापाऱ्याची गोदामाची भिंत कलली होती. पाडावी की टेकू द्यावा, एवढंच त्याला विचारायचं होतं. साहेबांनी ओळंबा लावून एकोणीस दिवस भिंतीचा कल मोजला. विसाव्या दिवशी भिंत पडली. साहेबांनी घड्याळ काढून वेळ लिहून घेतली, कोणत्या बाजूला पडली ते लिहून घेतलं, आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "आता नक्की सांगता येईल." तो व्यापारी नंतर आमच्या पाटीखालून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायचा.

पण साहेबांचं खरं मन सल्ल्यात नव्हतंच. पूल, मोऱ्या, चिमण्या ही पोटाची कामं. त्यांना शास्त्रात भर घालायची होती. आमच्या कचेरीनं शास्त्रात घातलेली एकूण भर म्हणजे तीन निबंध. पुण्यातल्या इंजिनियर लोकांचं एक त्रैमासिक होतं, त्यात ते छापून आले. पहिला गुऱ्हाळाच्या चुलाण्यात किती जळण वाया जातं यावर होता, तो कुणी वाचला नाही. दुसरा मातीच्या पाटातून किती पाणी झिरपतं यावर होता. तो वाचला गेला आणि त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. तिसऱ्याची गोष्ट मला सांगायची आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

एके दिवशी सणसरचे सखारामतात्या आमचा जिना चढून आले. उपरण्याच्या गाठीत मातीचं ढेकूळ होतं. ढेकळावर पांढरा खार फुटला होता. कालव्याचं पाणी आल्यापासून आमच्याकडे ऊस झाला, गूळ झाला, माड्या झाल्या, आणि काही जमिनींच्या पोटात पाणी साठून त्या अशा पांढऱ्या पडायला लागल्या. तात्यांचा सहा एकरांचा मळा होता. खालच्या दोन एकरांत गवतही उगवेना, आणि खार वर सरकत होता.

"चर खनायचाय," तात्या म्हणाले. "पानी आडवून वड्याला काढून द्यायचं. पर कंच्या अंगानं येतंय त्ये कळत न्हाय. मावळतीला कालव्याचा फाटा हाय, उगवतीला वरचं मळं हायती. मला आपलं वाटतंय, उगवतीकडनं येतंय."

"वाटतंय म्हणजे?"

"अनवानी चाललं की तितं पाय गार लागतोय."

साहेबांनी विचारलं, "मोजलंय का?"

तात्या ओशाळले. पाय काय मोजणार?

तेव्हापासून आम्ही मोजायला लागलो. तात्यांच्या मळ्याच्या उगवतीला अकरा विहिरी होत्या, मावळतीला अकरा. प्रत्येकीच्या काठाची उंची साहेबांनी दुर्बिणीनं काढून ठेवली आणि काठावर लाल आकडा घातला. गावात आधी बोभाटा झाला, की आता विहिरीवर सरकारी पट्टी बसणार. मग बायकांनी लाल आकड्याला हळदकुंकू वाहायला सुरुवात केली आणि सातव्या विहिरीचा सात त्याखाली दिसेनासाच झाला. बावीस विहिरी एका दिवसात होत नसत. म्हणून महिन्यातून एकदा आम्ही सायकली मारत सणसरला जायचो, रविवारी उगवतीच्या विहिरी करायचो, मुक्काम तात्यांच्या वस्तीवर, आणि सोमवारी मावळतीच्या करून परत. तात्यांची कारभारीण बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत घालायची. साहेब भाकरी खाताना काही मोजत नसत. तेवढ्यापुरते ते साध्या माणसासारखे दिसायचे.

रविवारी उगवतीला सगळीकडे मोटा चालू असत. साहेब हात वर करून मोट थांबवायला लावत, फुलपात्र सोडत, आकडा सांगत आणि पुन्हा हात वर करत. मोटकरी कुरकुर करत. "बैल धावंवर हायती सायब, आवरा लवकर." सोमवारी मावळतीला मात्र सगळं शांत. साहेब जाम खूश व्हायचे. म्हणायचे, "बघ मंडळी, या बाजूचे लोक किती समजूतदार. आपण यायच्या आधीच मोट बंद करून ठेवतात. शास्त्राची कदर आहे."

मी हसायचो आणि गप्प राहायचो. साहेबांशी वाद म्हणजे अर्धा तास गेला, आणि मला ऊन लागत असायचं.

वर्ष झालं. मी आकड्यांवरून नकाशा काढला. सारख्या उंचीचं पाणी जोडणाऱ्या निळ्या रेघा इतक्या देखण्या आल्या, की साहेब तो नकाशा भिंतीला लावून खुर्ची ओढून समोर बसले. मावळतीच्या विहिरींत पाणी उंच, उगवतीच्या विहिरींत अडीच-तीन फूट खाली. याचा अर्थ पाणी मावळतीकडून येतंय. तात्यांचा पाय चुकला होता.

तिसरा निबंध छापून आला. त्यावर साहेबांचं नाव होतं आणि त्याखाली माझं होतं. मला न सांगता त्यांनी ते घातलं होतं. निबंधाच्या शेवटी मावळतीच्या शेतकऱ्यांचे, त्यांच्या समजूतदारपणाबद्दल, वेगळे आभार मानले होते. पुण्याहून दोन मोठ्या इंजिनियरांची अभिनंदनाची पत्रं आली. साहेबांनी पेढे आणले आणि खालच्या हमालांपर्यंत सगळ्यांना वाटले. मी माझ्या नावाचं पान कापून निरवांगीला पाठवलं. वडिलांना वाचता येत नव्हतं, त्यांनी ते देवळीत गणपतीमागे ठेवलं.

तात्यांनी मावळतीच्या बांधाला चर खणला. तिथं त्यांचा मळ्यातला सगळ्यात चांगला ऊस होता, अर्धा एकर, कमरेच्या वर आलेला. तो उभा कापून बैलांना घातला. तात्या, कारभारीण आणि तात्यांचा भाऊ, तिघं अख्खा उन्हाळा खणत होते. डोक्याएवढा खोल चर ओढ्यापर्यंत नेला. साहेब प्रत्येक खेपेला त्यात उतरून तळाचा उतार तपासत आणि वर येऊन "उत्तम" म्हणत. हा शब्द मी त्यांच्या तोंडून फार वेळा ऐकलेला नाही.

पाऊस होऊन गेला. दिवाळी झाली. चरात पाणी आलं, पण घोटाभर. आणि खार थांबला नाही. तो उगवतीच्या बाजूनं वर चढत होता. दोन एकरांचे साडेतीन झाले. राहिलेल्या उसाची पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली.

"पुन्हा मोजू," साहेब म्हणाले.

त्या खेपेला वाटेत माझ्या सायकलची साखळी तुटली. रविवार तिच्यातच गेला आणि सणसरला पोचेपर्यंत दिवस मावळला. म्हणून सोमवारी सकाळी आम्ही पहिल्यांदाच उगवतीच्या विहिरींवर गेलो. पहिल्या विहिरीत फुलपात्र सोडलं. साहेबांनी अंगठा दाबला, फितीकडे बघितलं आणि ती पुन्हा सोडली. मग दुसरी विहीर, मग तिसरी. पाणी नेहमीपेक्षा तीन फूट वर होतं, कुठं चार. साहेबांनी फीत पुरती उलगडून तिची एकेक फुटाची खूण तपासली. अकराही विहिरी झाल्यावर ते शेवटच्या विहिरीच्या काठावर बसले. इतक्या वेळात त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं, की कुठंच मोट वाजत नाही.

तात्या आमच्या मागून येत होते. साहेबांनी त्यांना विचारलं, "आज मोट का नाही?"

"सोमवार न्हवं का आज," तात्या म्हणाले. "सोमवारी बैलाला जू लावत न्हाईत. म्हादेवाचा वार."

"कधीपासून?"

"आज्याच्या आज्यापास्नं."

"सगळे?"

"समदं गाव. ह्या अंगाचं, त्या अंगाचं. आमावस्यंलाबी न्हाय."

साहेबांनी पुढचं विचारलं ते इतक्या हळू, की तात्यांना वाकून ऐकावं लागलं. "मला का नाही सांगितलंत?"

तात्यांना प्रश्नच कळेना. "तुमी इचारलं न्हाय. आमास्नी वाटलं, येवढं शिकल्यालं मानूस, ठावं आसंल."

ज्या विहिरीतून पहाटेपासून मोट चाललेली असते तिचं पाणी खाली गेलेलं असतं. पाच मिनिटं थांबून ते वर येत नाही. आम्ही वर्षभर एका बाजूच्या दमलेल्या विहिरी मोजल्या आणि दुसऱ्या बाजूच्या विसावलेल्या. दोघींची तुलना करून नकाशा काढला. दोन्हीकडच्या विहिरी विसाव्याला असताना मोजल्या, तर उगवतीचंच पाणी उंच होतं. पाणी उगवतीकडून येऊन आधी तात्यांचं शेत नासवत होतं आणि मग चरात उतरत होतं. तात्यांचा पाय बरोबर होता.

आता माझं सांगतो. निरवांगीला आमच्या घरी मोट होती. सोमवारी बैलांना जुंपत नाहीत हे मला बोलता यायच्या आधीपासून माहीत होतं. लहानपणी सोमवारी मी त्यांना ओढ्यावर धुवायला न्यायचो. साहेब मावळतीच्या लोकांचं कौतुक करत तेव्हा मला ते खुळचटपणाचं वाटून हसू यायचं. पण तीच गोष्ट आकड्यांच्या शेजारी ठेवून बघावी, हे सुचलं नाही. तसं म्हणायला सोपं आहे. एकदा सुचलं होतं. नकाशा काढताना, रेघा जरा जास्तच नीटस आल्या तेव्हा, काहीतरी मनात आलं होतं. नकाशा सुरेख झाला होता. मी रेघा पुऱ्या केल्या.

त्या सोमवारी मी विहिरीपाशी उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही.

साहेब वस्तीवर आले. तात्या आणि कारभारीण दोघांना समोर बसवून त्यांनी चूक समजावून सांगितली, काड्या मांडून, कोणत्या दिवशी काय मोजलं आणि काय व्हायला हवं होतं ते. कुणाचीही ढाल केली नाही. "चूक माझी आहे," म्हणाले. "मी विचारायला हवं होतं."

तात्या काड्यांकडे बघत राहिले. कारभारीण म्हणाली, "हुबा ऊस कापला आमी, सायब." एवढंच बोलली आणि आत गेली. त्या दिवशीही तिनं आम्हाला जेवायला वाढलं. ती भाकरी मला गिळवेना, आणि साहेबांनी ताटाला हात लावला नाही.

"उगवतीला चर खणू," साहेब तात्यांना म्हणाले. "मी स्वतः येतो खणायला."

तात्यांनी मान हलवली. "न्हाय सायब. आता अंगात न्हाय. आन खनायचा कशासाटी? ऱ्हायलंय काय आत?" माघात त्यांनी बैलगाडी जुंपली आणि साखर कारखान्यावर उसाच्या वाहतुकीला गेले. मळा तसाच राहिला, पांढरा.

बारामतीला परत आल्यावर साहेबांनी चौथं लिखाण केलं. तो निबंध नव्हता. तिसरा निबंध का चुकीचा आहे आणि त्यामुळे एका शेतकऱ्याचं काय नुकसान झालं, याचं दीड पानी टिपण होतं. 'निरीक्षकाने गावची रीत विचारली नाही' असं त्यात वाक्य होतं. स्वच्छ प्रत मीच काढली. त्या वाक्याशी माझा टाक थांबला. साहेब समोरच बसले होते, खिडकीतून बाहेर बघत. तेव्हा सांगता आलं असतं. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटत असूनही मी पुढचं वाक्य लिहायला घेतलं. टिपणाखाली नाव एकट्या साहेबांचं होतं. मी विचारलं, "आणि मंडळी?" ते म्हणाले, "जागा कमी आहे."

टिपण छापून आलं आणि आमचा धंदा बसला. पुण्याच्या मंडळींत सोमवारचा विनोद झाला. साहेबांना 'सोमवारवाले आगटे' असं नाव पडलं. स्वतःची चूक स्वतःच छापणाऱ्या सल्लागाराकडे कोण जाणार? वर्षभरात पाटी उतरवली. साहेब साताऱ्याला बहिणीकडे निघाले. सामान म्हणजे एक ट्रंक, दुर्बिणीची पेटी आणि वळकटी. ज्या गावात त्यांनी इतकी वर्षं काढली, तिथलं स्टेशनवर माझ्याखेरीज कुणी आलं नाही.

दौंडची गाडी लागली होती. ते खिडकीशी बसले होते, मी खाली उभा. मग एकदम त्यांनी विचारलं, "निरवांगीला तुमच्याकडे बैल किती रे?"

मी म्हणालो, "दोन."

त्यांनी मान डोलावली. रागावलेले दिसले नाहीत. खिशातून एक लिफाफा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "कारखान्यात नकाशाच्या खात्यात जागा आहे म्हणतात. हे दाखव." गाडी सुटेपर्यंत त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुन्हा त्यांची माझी भेट झाली नाही. दोन वर्षांनी बहिणीचं कार्ड आलं, ते गेल्याचं.

फलाटावरच्या बाकावर बसून मी लिफाफा उघडला. माझ्या कामाची शिफारस होती. हात स्वच्छ, स्वभाव सचोटीचा, वगैरे. शेवटी लिहिलं होतं, 'सणसरच्या विहिरींच्या निरीक्षणांशी यांचा काहीही संबंध नव्हता. हे केवळ नकाशे काढीत. सदर निबंधावर यांचे नाव माझ्या चुकीने पडले.' खाली सही होती. वर्षभराचे सगळे आकडे ज्या वहीत होते, ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझ्या अक्षरात होती, आणि साहेब ती आपल्याबरोबर ट्रंकेत घालून घेऊन गेले होते.

पुढच्या आठवड्यात मी कारखान्यात गेलो. तिथल्या साहेबांनी पत्र वाचलं आणि ते हसले. "हे ते सोमवारवाले ना? तुम्ही होतात का हो त्यांच्याबरोबर, विहिरी मोजायला?"

खिडकीतून ऊस टाकायच्या गव्हाणीकडे लागलेली उसाच्या गाड्यांची रांग दिसत होती. बैल उन्हात उभे होते. त्यांतली एखादी गाडी तात्यांची असेलही.

"नाही," मी म्हणालो. "मी फक्त नकाशे काढत होतो."

त्यांनी मला उद्यापासून यायला सांगितलं.